अण्णा, अक्का येणार ना?

माझ्या मोबाईलवर येणारे निम्मे फोन माझ्यासाठी नसतात. फोन माझा, नंबर माझा, बंगळुरात के. आर. पुरमच्या दुकानाच्या पाटीवर नाव माझं, आणि पलीकडून पहिलं वाक्य मात्र ठरलेलं: "अण्णा, अक्का येणार ना?"

अक्का म्हणजे माझी बायको सुनंदा. आमचं माशांच्या टाक्यांचं दुकान आहे. नुसते मासे सोडलेल्या टाक्या कुणीही करतं. आमची खासियत म्हणजे आत खरी झाडं लावलेली टाकी. हा धंदा बेळगावहून इथं येऊन मी सुरू केला. काच कापताना हात माझे फाटले, सिलिकॉनच्या वासानं डोकं माझं उठलं, गळक्या टाकीपायी लोकांच्या फरश्या मी पुसल्या. सुनंदा दुकानात यायची ती डबा घेऊन. डबा देता देता स्टुलावर बसली आणि पुढं त्या स्टुलावरून उठलीच नाही. आयत्या बिळात नागोबा, असं मी तिला तोंडावर म्हणालोय. ती म्हणाली, बीळ कसलं, भोकं पडलेली चाळण होती, मी बुजवली म्हणून टिकली.

मत्सर वाईट, हे लहानपणापासून ऐकत आलोय. असेल वाईट. पण मी जळतो हे आमच्या गल्लीला माहीत आहे, गिऱ्हाइकांना माहीत आहे, आणि सुनंदाला तर लग्नानंतर पहिल्या वर्षातच कळलं होतं. तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात धंद्याबद्दल लिहायचं तर तिथूनच लिहितो. मी सद्गुणी आहे असं दाखवून लिहिलं तर आमच्या ओळखीचे लोक अंक मिटून हसतील.

आधी लाईटचं सांगतो, कारण सगळं रामायण लाईटवरून घडलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, टाकीवर लाईट लावतात तो मासे दिसावेत म्हणून. माशांना त्याचं काही पडलेलं नसतं. लाईट लागतो झाडांना. बेताचा दिला तर झाडं वाढतात. कमी दिला तर उजेडाच्या ओढीनं वर वर चढतात, खालची पानं टाकतात आणि काही महिन्यांनी आत नुसत्या काड्या उभ्या दिसतात. जास्त दिला तर झाडांच्या आधी शेवाळच जेवून घेतं. फर्न, मॉस असली झाडं थोडक्या उजेडात गुण्यागोविंदानं राहतात. लाल पानांच्या झाडांचे मात्र जावयासारखे लाड करावे लागतात. उजेड भरपूर पाहिजे, पाण्यात सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साईड सोडला पाहिजे, खत वेळेवर पाहिजे, आणि एवढं करूनही रुसतात.

शिवाय लाईटला रंग असतो. खोक्यावर आकडा छापलेला असतो. साडेसहा हजार म्हणजे साधारण दुपारचा स्वच्छ उजेड. आकडा खाली आला की उजेड पिवळा होत जातो, वर गेला की निळसर. झाडाला ह्यातलं बरंच काही चालतं. चालत नाही ते बघणाऱ्याला, आणि बिल भरतो तो बघणारा. मी खोक्यावरचं सगळं वाचून, टाकीची खोली मोजून लाईट द्यायचो, आणि माझ्या लाईटखाली झाडं जगायची. ह्याच्यापुढं काही असतं, हे मला मारतहळ्ळीत कळलं.

मारतहळ्ळीत निखिल नावाचा पुण्याचा मुलगा एकटा राहायचा. सॉफ्टवेअरमध्ये होता. त्यानं फोनवर कुठल्यातरी लालभडक टाकीचा फोटो बघितला होता, तसंच हवं म्हणाला. मी त्याला त्या काळातला सगळ्यांत तगडा लाईट दिला. काही आठवड्यांनी फोन आला, अण्णा, काचेला हिरवी लोकर आलीय. मी घासायचं सामान घेऊन निघालो. सुनंदा बरोबर आली ती निव्वळ तिकडं एका शिंपिणीकडं ब्लाउज टाकायचे होते म्हणून.

मी बाह्या सरसावून काच घासतोय आणि ही त्याला विचारते, तू बसतोस कुठं? त्यानं कोपऱ्यातली एक खुर्ची दाखवली. ही जाऊन त्या खुर्चीत बसली. त्यानं चहा केला. चहा संपला तरी बसूनच. मी दोनदा खाकरलो. मग तिनं विचारलं, घरी येतोस किती वाजता? तो म्हणाला, नऊ तर होतातच. "मग सकाळपासून हा लाईट कुणासाठी जळतोय रे?" ती म्हणाली.

एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. झाडांना दिवसातले सात-आठ तास उजेड मिळाला की झालं, ते तास घड्याळातले कुठले का असेनात. तिनं टायमर फिरवून टाकीचा दिवस दुपारी सुरू केला आणि रात्री निखिल झोपायच्या वेळी संपवला. त्याच्या खुर्चीतून लाईटची पट्टी उघडी दिसायची आणि डोळ्यांवर यायची, तिला पुढून आडोसा लावायला सांगितला. लाल झाडांचा नाद सोड म्हणाली, तू घरी नसतोस, त्यांचे लाड कोण करणार? त्याजागी फर्न लावायला लावले. आणि दुसरा लाईट निवडताना तिनं पर्समधून खण काढला.

ह्या खणाबद्दल सांगायला पाहिजे. गुळेदगुड्डचा ब्लाउजचा खण असतो ना, त्याचा हाताएवढा तुकडा. लाल अंग, हिरवा काठ. बेळगावात तिच्या मामांचं साड्यांचं दुकान होतं, लग्नाआधी ती तिथं बसायची. ट्यूबलाईटखाली पसंत केलेली साडी बायका दारात उजेडाला नेऊन बघतात आणि मग म्हणतात, हा रंग नव्हता. लाईट खोटं बोलतो हे ती तिथं शिकली. म्हणून कुठल्याही दिव्याखाली ती खण धरायची. लाल लाल दिसला पाहिजे, हिरवा हिरवा दिसला पाहिजे, आणि दोन्ही एकमेकांना खाता कामा नयेत. मी तिला म्हणालो, अगं, ही झाडं आहेत, पोलकी नव्हेत. गिऱ्हाइकासमोर म्हणालो. निखिल हसला, पण लाईट तिनं सांगितला तोच घेतला.

त्यानं त्या टाकीचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून माझा फोन माझा राहिला नाही.

मी गप्प बसलो असेन असं समजू नका. मीही गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसायला लागलो. महादेवपुरात नागपूरकडचं एक कुटुंब होतं, त्यांच्या सोफ्यावर मी डोळे बारीक करून टाकीकडं बघत बसलो. चहा आला. तो प्यालो. आणखी बसलो. काहीही सुचेना. शेवटी घरातल्या आजींनी हळूच विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाहीये का, लिंबूपाणी देऊ का. घरी येऊन सांगितलं तर सुनंदा हसून हसून भिंतीला टेकली. मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे, तिच्यासमोर जेवलो नाही.

हे असं वर्षानुवर्षं चाललं. ती लाईट निवडणार, मी शिडीवर चढून लावणार, लोक तिला वाकून विचारणार आणि मला म्हणणार, अण्णा, ती वायर स्वल्प आत घ्या. एका बाईंनी तर मला अक्कांचा इलेक्ट्रिशियन समजून दिवाळीचा फराळ वेगळ्या पिशवीत दिला. त्यातल्या चकल्या चांगल्या होत्या हे मी सुनंदाला आजवर सांगितलेलं नाही.

मग राजण्णांचं काम आलं. महादेवपुरात त्यांचं मोठं शाकाहारी हॉटेल आहे. दुपारी आणि संध्याकाळी टेक पार्कातली माणसं टेबलासाठी रांग लावून उभी असतात. फॅमिली सेक्शन आणि गल्ला ह्यांच्यामध्ये त्यांना सहा फुटी टाकी हवी होती. शाकाहारी हॉटेलात मासे कशाला असं मी विचारलं, तर म्हणाले, बघायला, खायला नव्हे. एवढी मोठी आणि एवढ्या लोकांच्या डोळ्यांसमोरची टाकी आम्ही आधी केली नव्हती. राजण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, लाईट अक्का सांगतील तोच. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

टाकी भरली, झाडं लावली, लाल-निळ्या पट्टीचे छोटे निऑन मासे सोडले. सुनंदानं लाईट निवडला. आणि तो लावून मी शिडीवरून खाली उतरलो तेव्हा मला तो निळा वाटला. निळा आणि फार जास्त. फर्नचा हिरवा रंग उडालेला, माशांवरची लाल पट्टी जांभळट. मी म्हणालो, "जरा निळं वाटत नाही का गं?"

तिनं खण धरून बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "मी निवडलेलं तुम्हाला कधी बरं वाटलंय?"

ती बोलली ते खरं होतं. तिच्या प्रत्येक टाकीत मी काही ना काही खोट काढली होती. इथं तर माझी मलाच खात्री राहिली नाही. वाटलं, मेल्या, हा निळा रंग टाकीत नसेल, तुझ्या पोटात असेल. जळक्या माणसाची हीच पंचाईत असते. खरंच काही चुकलेलं दिसलं तरी आपलं आपल्यालाच पटत नाही. मी शिडी मिटली.

पण पुढं सगळ्याच टाक्या तशा होऊ लागल्या. निखिलचं आता लग्न झालं होतं, नवीन फ्लॅटसाठी त्यानं मोठी टाकी घेतली होती. तिथंही सुनंदानं तसलाच पांढरा फटक लाईट लावला. कुठलाही नेहमीचा लाईट दाखवला की म्हणायची, ह्यात जीवच नाही, पिवळट आहे, मरतुकडा आहे. आणखी जोराचा काढा. एवढा उजेड पडल्यावर शेवाळ काय गप्प बसणार? आम्ही घासून यायचो आणि पाठोपाठ फोन यायचा. ती म्हणायची, पाणी वाईट आहे. मग म्हणायची, तुम्ही खत जास्त घालता. भांडणं व्हायला लागली. ती तासन् तास खुर्चीत बसायची, खण पुढं-मागं करायची आणि उठताना आधीसारखी हसायची नाही.

निखिलनं एकदा मला बाजूला घेतलं. म्हणाला, "अण्णा, अक्कांना बोलू नका, पण मी जुना लाईट परत लावलाय. बायको म्हणते, हॉलमध्ये बसलं की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं." राजण्णांचंही तेच. टेबलांवरून तक्रार येत होती की टाकीजवळ बसलं की इडली निळी दिसते. त्यांनी सांगून टाकलं, दसऱ्यापर्यंत बघतो अण्णा, नाहीतर टाकी काढून तिथं आणखी दोन टेबलं टाकतो. ते चिडून बोलले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

आणि एक दिवस असाच फोन आला. जुन्या गिऱ्हाइकाचा. मी सवयीनं म्हणालो, अक्का आहे, देतो. तर ते म्हणाले, "नको नको, अण्णा, तुम्हीच या."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो! काउंटरच्या पलीकडं सुनंदा झाडांच्या मुळांना दोरा गुंडाळत होती. आवाज मोठा होता, तिला ऐकू गेलं असणार. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं होतं, असा दिवस आला की मी रस्त्यात पेढे वाटीन. प्रत्यक्षात मी फोन काउंटरवर पालथा ठेवला. मी ज्या डोळ्यावर आयुष्यभर जळलो तो डोळाच जात चाललाय, आणि तो गेला तर ती नुसती डबा आणून स्टुलावर बसणारी बाई होईल, हे तिलाही कळत होतं. ते बघायला मी तयार नव्हतो.

उलगडा झाला तो माझ्या शर्टामुळं. मी पहिल्यापासून पांढराच शर्ट घालतो, तेवढीच माझी ऐट. राजण्णांकडं दुपारच्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या मधल्या वेळेत मी काच घासायला गेलो होतो. राजण्णा शेजारी येऊन उभे राहिले, पांढरा शर्ट, पांढरी लुंगी. काचेत आम्ही दोघं दिसत होतो. ते हसून कन्नडमध्ये म्हणाले, अण्णा, तुमच्याकडं नीळ फुकट मिळते काय? मी बघितलं. त्यांचा शर्ट दुधासारखा पांढरा आणि माझा चक्क आकाशी. टाकीच्या लाईटला जो रंग होता तोच.

माझे कपडे सुनंदा स्वतः धुते. गेले कितीतरी महिने तिचं एकच पालुपद होतं: ह्या नव्या साबणात काही दम नाही, कितीही धुवा, पांढरे कपडे पिवळेच राहतात. आणि बादलीत नीळ ओतायची. मला वाटायचं, बायकांची असते एकेक तक्रार. पिवळा शर्ट नव्हताच. पिवळा लाईटही नव्हता. जे काही पांढरं होतं ते तिला पिवळं दिसत होतं, आणि ते पांढरं करायला ती शर्टात नीळ घालत होती आणि टाक्यांवर निळा लाईट. खणानं तरी काय करावं, बघणारा डोळाच पिवळा झाल्यावर?

घरी येऊन मी तिला सांगायला गेलो तर आधी माझ्यावरच घसरली. आता माझ्या डोळ्यांवर पण जळता काय, म्हणाली. मी भांडलो नाही. कपाटातून नवा कोरा रुमाल काढला, घडीही न मोडलेला, आणि माझ्या शर्टावर ठेवून खिडकीत, उन्हात तिच्यासमोर धरला. मामांच्या दुकानात बायका करायच्या तसं. म्हटलं, ह्यातला पांढरा कुठला ते सांग.

तिनं दोन्ही निरखून बघितले. मग म्हणाली, "शर्ट." आणि माझा चेहरा बघून खाली बसली. म्हणाली, "मग मी लोकांच्या टाक्यांना काय करून ठेवलं हो?"

डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. हळूहळू पिवळा होत जातो, माणसाला कळतच नाही, कारण रोज थोडं थोडं बदलतं. एक डोळा आधी करू, दुसरा काही आठवड्यांनी. मी विचारलं, रंग परत दिसतील का? डॉक्टर म्हणाले, दिसतील, आधी थोडे जास्तच दिसतील. माझेही डोळे तपासले. चांगले आहेत म्हणाले. सुनंदानं ते ऐकलं आणि म्हणाली, मग आता तुम्हीच निवडा लाईट. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मी समोर उभा होतो. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून काहीतरी गोड ऐकायची वेळ असेल तर ती हीच, असं मला उगाच वाटलं. तिनं डोळ्याची उघडझाप केली, पाणी टिपलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा निळा शर्ट कधी घेतलात?"

मी म्हणालो, तूच घेतलास, रोज थोडा थोडा. नर्सबाईंना वाटलं आम्ही भांडतोय. सुनंदा हसत होती आणि डॉक्टर तिला हसू नका, डोळ्याला ताण येतो, म्हणून रागावत होते.

डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, म्हणून तिला घरी बसायला सांगितलं होतं. दसरा जवळ आलेला. राजण्णांची टाकी माझ्यावर पडली. मला आयुष्यात हवं होतं ते हेच, मोठी टाकी आणि अक्का नाहीत. जाताना मी तिच्या पर्समधून खण काढून घेतला. विचारलं नाही.

खुर्चीत बसायचं म्हणजे हॉटेलात कुणाच्या खुर्चीत? टाकीकडं दिवसभर बघणारे राजण्णा, म्हणून मी त्यांच्या गल्ल्याच्या खुर्चीकडं गेलो, तर ते दोन्ही हात पसरून आडवे झाले. ती लक्ष्मीची जागा, सख्ख्या भावाला बसू दिलेलं नाही, म्हणाले. सरी, म्हणजे बरं, म्हणालो आणि टेबलं धरली. ह्या टेबलावर इडली, त्या टेबलावर डोसा, कोपऱ्यात कॉफी. पोटाला तडस लागली तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की बसलेली माणसं टाकी बघतच नाहीत. ती ताट बघतात, नाहीतर फोन. टाकी बघतात ती टेबलासाठी रांगेत उभी असलेली माणसं आणि त्यांची कंटाळलेली पोरं. म्हणजे उजेड उभ्या माणसासाठी पाहिजे. मी लाईटची पट्टी खाली घेतली, म्हणजे तिचा झोत उभ्या माणसाच्या डोळ्यांत जाणार नाही. जोर जवळजवळ निम्मा केला. टायमर जेवणाच्या दोन वेळांना जुळवला, मध्ये दुपारी टाकीला विश्रांती. आणि लाईट निवडताना आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते बघून खिशातून खण काढला. एका लाईटखाली लाल विटकरी झाला. दुसऱ्याखाली हिरव्यानं लालाला खाल्लं. तिसऱ्याखाली दोन्ही आपापल्या जागी शांत बसले. ती असं बघते होय, मला तिथं कळलं. तोच लाईट लावला.

शेवाळ ओसरलं. फर्नला नवी पानं आली. राजण्णांनी टेबलांचा विषय सोडला. रांगेतली माणसं फोन खाली ठेवून टाकीकडं बघायला लागली. मला कुणी विचारावं, हा लाईट कुणी निवडला, म्हणून मी कारण नसताना तिथं घुटमळायचो. शेवटी राजण्णाच म्हणाले, "काय अण्णा, अक्कांनी घरी बसून फोनवरनं सांगितलं ना? शेवटी अक्का त्या अक्काच."

पूर्वी मला अक्कांचा इलेक्ट्रिशियन समजत होते, आता टेलिफोन समजायला लागले.

डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिल्यावर सुनंदा काळा चष्मा लावून पहिली कुठं गेली असेल तर राजण्णांकडं. हॉटेल त्या वेळी निवांत होतं. तिनं चष्मा काढला आणि टाकीसमोर उभी राहिली. नवा डोळा हातानं झाकून जुन्यानं बघितलं. मग जुना झाकून नव्यानं. एका बाईला एकाच जागी दोन टाक्या दिसत होत्या आणि मला एकच. त्याचाही मला लगेच हेवा वाटला.

राजण्णा गल्ल्यावरून कौतुकानं म्हणाले, अक्का, फोनवरनं सुद्धा काय लाईट निवडलात! ती पर्समध्ये हात घालून खण शोधायला लागली. एक कप्पा, दुसरा कप्पा. मी शर्टाच्या खिशातून खण काढून तिच्यापुढं धरला. तिनं खणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि राजण्णांना सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा ह्यांनी निवडलाय. मी नव्हते."

खरं सांगतो, मला तिथून हलावंसं वाटेना. वेटर बघत होते. राजण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. एवढ्यावर थांबली असती तर मी तिला त्या दिवशी साडी घेऊन दिली असती.

पण ती परत टाकीकडं वळली. मान एका बाजूला कलली. ही कललेली मान मी चांगली ओळखतो.

"अहो, दोन बोटं पुढं घ्या."

"काय पुढं घेऊ?"

"लाईट. मधोमध आहे तो. सगळा उजेड माशांच्या पाठीवर पडतोय, बिचाऱ्यांची तोंडं अंधारात आहेत."

मी म्हणालो, काही नाही, बरोबर आहे ते. म्हणालो आणि स्टूल घेऊन चढलो. पट्टी दोन बोटं पुढच्या काचेकडं सरकवली. निऑनची एक झुंड फर्नच्या आडून बाहेर आली, आणि ती लाल-निळी पट्टी प्रत्येक माशाच्या अंगावर एकदम पेटली. मागचं सगळं होतं तसंच होतं, फक्त आता मासे आपल्याकडं बघत होते. हात धुवायच्या जागेपाशी एक बाई पोराला कडेवर घेऊन थांबली. राजण्णा मांडीवर हात आपटून म्हणाले, बघा, मी म्हटलं नव्हतं, अक्का त्या अक्काच!

किती दिवस मी तिथं इडल्या आणि डोसे रिचवले होते, आणि हिनं एका डोळ्यानं दोन बोटं सांगितली. स्टुलावर उभ्या उभ्या माझ्या पोटात तो जुना ओळखीचा जाळ उठला. कितीतरी महिन्यांत उठला नव्हता. मी पोटभर जळलो, आणि उतरताना तिच्याच खांद्यावर हात ठेवला.

बाहेर येऊन रिक्षा बघत होतो तोवर खिशात फोन वाजला. निखिल होता. जुना लाईट पण आता जातोय म्हणे, नवा घ्यायचाय. आणि मग जरा चाचरत, पूर्वीसारखंच, "अण्णा, अक्का येणार ना?"

मी सुनंदाकडं बघितलं. ती काळा चष्मा लावून माझ्या शर्टाकडं नाक मुरडून बघत होती.

"येणार की," मी म्हणालो. "मी पण आलो तर चालेल ना रे?"